रक्तदाबाची गोळी आणि न दिसणाऱ्या लाभाचा हिशेब

आपल्या रुग्णालयाच्या मासिक औषध योजनेस गेली अनेक वर्षे नियमाने साहाय्य करणाऱ्या एका ज्येष्ठ देणगीदारांचे पत्र सरत्या वर्षात आम्हांस आले. पत्रात तक्रार नव्हती. एक सरळ प्रश्न होता. त्यांनी लिहिले होते, "मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या पैशांतून रुग्णाला दिसू लागते. डायलिसिसच्या यंत्राचा उपयोगही आम्हांस समजतो. परंतु रक्तदाबाच्या योजनेत तेच रुग्ण, त्याच गोळ्या आणि दरवर्षी तोच खर्च. हे रुग्ण बरे केव्हा होणार?"

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत हे पत्र वाचून दाखविण्यात आले, तेव्हा हाच प्रश्न मंडळातील काही सदस्यांच्याही मनात असल्याचे दिसून आले. योजनेचा निधी एखाद्या नव्या यंत्राकडे वळवावा, अशी सूचना पुढे आली. यंत्र डोळ्यांना दिसते, त्यावर देणगीदाराचे नाव कोरता येते आणि वर्षअखेर त्यावर किती तपासण्या झाल्या हेही सांगता येते. निर्णय पुढील बैठकीपर्यंत तहकूब ठेवून या विषयाचे टिपण सादर करण्याचे काम आमच्याकडे सोपविण्यात आले.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलेले. तेव्हा आम्ही आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांना एकच विचारले : या गोळ्यांनी लाभ होतो, हे कोणी आणि कसे मोजले? त्यांनी जे समजावून सांगितले, ते ऐकताना आम्हांस वाटले की हा विषय आमच्याही आवाक्यातला आहे. कारण तो मुळात हिशेबाचाच आहे. तेच टिपण थोडे विस्ताराने देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी येथे देत आहोत.

दुखत नाही, म्हणून कळत नाही

हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्त रोहिण्यांमध्ये ढकलले जाते. त्या वेळी रोहिण्यांच्या भिंतींवर पडणारा दाब हा वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय विसावते तेव्हा उरणारा दाब हा खालचा आकडा. हे आकडे पाऱ्याच्या स्तंभाची मिलिमीटरमधील उंची सांगतात. प्रौढ व्यक्तीत १२०/८० च्या आसपासचा दाब चांगला मानला जातो; आणि वेगवेगळ्या दिवशी, नीट बसवून मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून अधिक भरत असेल, तर आपल्याकडे त्यास उच्च रक्तदाब म्हणतात.

हा दाब वाढला म्हणून बहुतेकांचे काहीही दुखत नाही. डोके दुखणे, चक्कर येणे ही लक्षणे असतीलच असे नाही. माणूस कामावर जातो, जेवतो, झोपतो. आत मात्र रोहिण्या वर्षानुवर्षे कठीण होत जातात, हृदयाचे स्नायू जाड होतात, मूत्रपिंडांची चाळणी झिजते आणि मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात. पुढे एके दिवशी पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा मूत्रपिंडे निकामी होणे, यांपैकी काहीतरी समोर येते आणि घरच्यांना ते एकाएकी घडल्यासारखे वाटते.

थोड्या रुग्णांमध्ये मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद होणे किंवा एखाद्या ग्रंथीचा विकार असे नेमके कारण सापडते आणि ते दूर करता येते. बहुसंख्य रुग्णांत असे एकच कारण सापडत नाही. वय, आनुवंशिकता, मीठ, वजन, दारू, हालचालीचा अभाव अशा अनेक गोष्टींचा तो मिळून परिणाम असतो. म्हणून गोळी हा दाब खाली आणते आणि ती चालू आहे तोवर खाली ठेवते. ती बंद केली की दाब बहुधा पुन्हा वर जातो. देणगीदारांच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, हे रुग्ण विषमज्वर बरा व्हावा तसे बरे होणार नाहीत. मग या खर्चातून मिळते काय, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मोजता आला, परंतु उपाय नव्हता

इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने घोड्याच्या रोहिणीत नळी बसवून रक्त काचेच्या नळीत आठ फुटांहूनही उंच चढते, असे पाहिले. ते निरीक्षण त्याने १७३३ मध्ये प्रसिद्ध केले. माणसाचा दाब इजा न करता मोजण्याचा दंडावरील पट्टा इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये पुढे आणला. त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून कोणता आवाज ऐकावा, हे रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितले. मोजणी अशा रीतीने सोपी झाली. पण मोजलेल्या आकड्याचे करायचे काय, याविषयी पुढील चाळीस वर्षे वैद्यकशास्त्रात एकमत नव्हते. आक्रसलेल्या रोहिण्यांतून रक्त पुढे नेण्यासाठी शरीरानेच दाब वाढविलेला असतो, तो कमी केल्यास अपायच होईल, असे मानणारे नामवंत वैद्य त्या काळी होते.

या मताची किंमत किती मोठी होती, हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या उदाहरणावरून दिसते. मार्च १९४४ मध्ये हृदयतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासले, तेव्हा दाब १८६/१०८ होता. जगातील सर्वांत सामर्थ्यवान पदावरील रुग्णास विश्रांती, कमी मीठ, डिजिटॅलिस आणि गुंगीची औषधे यांपलीकडे देण्याजोगे फारसे काही नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी त्यांना मेंदूत रक्तस्राव झाला. त्या दिवशी नोंदलेला दाब ३००/१९० हून अधिक होता. ते ६३ वर्षांचे होते. आज आपल्या बाह्यरुग्ण विभागात केस पेपर काढून येणाऱ्या गरीब रुग्णास मिळू शकतो, तो उपचार त्या काळी राष्ट्राध्यक्षांनाही उपलब्ध नव्हता.

१९४८ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या फ्रेमिंगहॅम या गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी करण्याचे काम सुरू झाले. कोणास औषध द्यायचे नव्हते. केवळ पाहायचे आणि नोंदवायचे होते. वर्षामागून वर्षे नोंदी साठत गेल्या, तेव्हा स्पष्ट झाले की ज्यांचा दाब अधिक, त्यांच्यात पक्षाघात व हृदयरोग अधिक. आणि हा धोका फक्त फार वाढलेल्या दाबापुरता नसून थोड्या वाढलेल्या दाबातही आहे. वाढलेला दाब शरीराच्या हिताचा आहे, हे मत या नोंदींपुढे टिकले नाही.

मुंबईतून गेलेली वार्ता

रोग कळला, तरी उपाय हवा होता. त्या उपायाच्या आरंभीच्या इतिहासात आपल्या मुंबईचे स्थान आहे, याचा उल्लेख आम्ही अभिमानाने करतो. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडील वैद्यांना पूर्वापार परिचित होती. १९३१ मध्ये कलकत्त्याचे डॉ. गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या मुळीने रक्तदाब उतरतो, असे लिहिले. मुंबईचे हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव काटेकोरपणे नोंदवून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात निबंध लिहिला आणि पाश्चात्त्य वैद्यकजगताचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढची औषधे वेगवेगळ्या वाटांनी आली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकणारी थायाझाइड वर्गातील गोळी बाजारात आली. १९६० च्या दशकात ब्रिटनचे जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून हृदयावरील ताण कमी करणारे प्रोप्रानोलॉल मिळाले. ब्राझीलमधील एका सापाच्या विषावरील संशोधनातून धागा मिळून कॅप्टोप्रिल तयार झाले आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. आज आपल्या औषधालयात असलेल्या एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्या त्याच घराण्यातील आहेत. टेल्मिसार्टन व लोसार्टन याच साखळीवर वेगळ्या ठिकाणी काम करतात, आणि अॅम्लोडिपिन रोहिण्यांचे स्नायू सैल करते.

मोजलेल्या गोळ्या

दाब उतरतो एवढे सिद्ध झाले, म्हणजे माणूस वाचतो हे सिद्ध होत नाही. दुकानाचा गल्ला भरलेला दिसला म्हणून नफा झाला असे हिशेबनीस मानत नाही. तो खर्चाची बाजू मागतो. औषधाच्या बाबतीत ही दुसरी बाजू मांडण्याचे काम अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले.

त्यांनी खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडले. चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले. एका गटातील ७३ जणांना थायाझाइड, रिसर्पिन व हायड्रॅलाझिन ही औषधे दिली. दुसऱ्या गटातील ७० जणांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. कोणास काय मिळते, हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. अभ्यास सुरू करण्यापूर्वी रुग्ण गोळ्या नियमित घेतात की नाही, याचीही परीक्षा झाली. उरलेल्या गोळ्या मोजल्या गेल्या आणि गोळीत मिसळलेले एक जीवनसत्त्व लघवीत उतरले आहे का, हे पाहिले गेले. जे नियमित नव्हते, त्यांना अभ्यासात घेतलेच नाही.

१९६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरासरी दोन वर्षांहूनही कमी काळात औषध नसलेल्या गटात २७ जणांना गंभीर आघात झाले; औषध घेणाऱ्या गटात दोघांना. पहिल्या गटात चौघे दगावले, दुसऱ्यात एकही नाही. मुंबईतील निबंधामुळे जगापुढे आलेल्या सर्पगंधेचे द्रव्य या यशस्वी औषधांत होते.

१९७० मध्ये याच अभ्यासाचा पुढील भाग आला. या वेळी खालचा दाब ९० ते ११४ असलेले ३८० पुरुष होते. पाच वर्षांत गंभीर आघात होण्याची शक्यता औषधाविना ५५ टक्के, तर औषधासह १८ टक्के आढळली. त्यानंतर वाढलेल्या रक्तदाबावर औषध द्यावे की नाही, हा वाद मावळला.

शंभरातील तिघे

आता ज्या अभ्यासाने आमचे स्वतःचे समाधान झाले, त्याकडे वळतो. वृद्धांचा वरचा दाब "वय अधिक शंभर" इतका चालतो, असा समज आपल्याकडे अजूनही घरोघरी ऐकू येतो. हा समज तपासण्यासाठी अमेरिकेत साठ वर्षांवरील ४,७३६ स्त्री-पुरुषांवर अभ्यास झाला. त्यांचा फक्त वरचा दाब वाढलेला, म्हणजे १६० किंवा त्याहून अधिक होता. निम्म्यांना क्लोर्थॅलिडोन ही जुनी, स्वस्त गोळी आणि गरज पडल्यास तिच्या जोडीस दुसरी. उरलेल्या निम्म्यांना औषध नसलेली गोळी. १९९१ मध्ये निष्कर्ष आले. पाच वर्षांत औषध नसलेल्या गटात दर शंभरी सुमारे ८.२ जणांना पक्षाघात झाला. औषधाच्या गटात ५.२ जणांना. हे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक घटले होते.

हे आकडे वहीत मांडून पाहा. शंभर वृद्धांना पाच वर्षे गोळी दिली. त्यांपैकी सुमारे ब्याण्णव जणांना गोळी नसती तरीही त्या काळात पक्षाघात झाला नसता. सुमारे पाच जणांना गोळी घेऊनही झाला. आणि सुमारे तिघांचा टळला. आता हे तिघे कोण? ते डॉक्टरांना ठाऊक नाही, आम्हांस नाही आणि त्या तिघांनाही नाही. ते आपापल्या घरी आहेत, स्वतःच्या हाताने जेवत आहेत, नातवंडांना शाळेत सोडत आहेत. आपले काही टळले, असे त्यांना वाटण्याचे कारणच नाही.

म्हणून या योजनेस आभाराचे पत्र येत नाही. मोतीबिंदूचा रुग्ण पट्टी काढताच हात जोडतो. रक्तदाबाच्या योजनेतील लाभार्थी स्वतःचा लाभ ओळखू शकत नाही. तो केवळ शेकडो-हजारोंच्या मोजणीत दिसतो. याच कारणाने रुग्णालाही गोळी निरर्थक वाटू लागते आणि देणगीदारालाही खर्च. दोघांची शंका एकच आहे आणि दोघांना उत्तरही एकच : हा लाभ एका माणसाकडे पाहून ठरविता येत नाही, तो मोजून ठरविला गेला आहे.

हा हिशेब फार वृद्ध माणसांनाही लागू पडतो का, असे अनेक नातेवाईक विचारतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ऐंशी वर्षांवरील ३,८४५ रुग्ण होते. तेथेही औषधाच्या गटात मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले. अर्थात दाब जितका खाली न्यावा तितके चांगलेच, असेही नाही. २०१५ मध्ये ९,३६१ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात वरचा दाब १२० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केलेल्या गटात मृत्यू कमी झाले, पण त्याच गटात दाब फार उतरणे, शुद्ध हरपणे आणि मूत्रपिंडावर परिणाम होणे यांचे प्रमाण अधिक होते. कोणत्या रुग्णाचा दाब किती खाली न्यावा, हे त्यामुळे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

जुनी गोळी, नवी गोळी

विश्वस्तांचा दुसरा प्रश्न होता : आपण स्वस्त गोळ्या देतो, म्हणजे गरिबाला कमी प्रतीचा उपचार देतो का? या प्रश्नाने आम्हांसही बेचैन केले होते.

याचे उत्तर १९९४ मध्ये सुरू झालेल्या एका प्रचंड अभ्यासाने दिले. अमेरिकेच्या शासकीय संस्थेने पुढाकार घेऊन जुनी क्लोर्थॅलिडोन आणि तिच्याहून नवीन अॅम्लोडिपिन, लिसिनोप्रिल यांची तुलना ५५ वर्षांवरील ३३,३५७ रुग्णांमध्ये केली. डिसेंबर २००२ मध्ये निष्कर्ष आले. हृदयविकाराचा गंभीर झटका टाळण्यात तिन्ही गोळ्या सारख्याच ठरल्या. आणि हृदय थकून पायांना सूज, दम लागणे या विकारात जुनी गोळी नव्या दोहोंपेक्षा सरस ठरली. याच अभ्यासात डॉक्साझोसिन ही चौथी गोळीही होती. ती दाब उतरवीत होती, पण तिच्या गटात हृदय थकण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले, म्हणून तो भाग २००० मध्येच थांबवावा लागला. आकडा उतरला म्हणजे रुग्णाचे भले झालेच असे नाही, हे यातून पुन्हा दिसले.

दरम्यान त्या काळच्या "नव्या" गोळ्याही स्वस्त झाल्या आहेत. अॅम्लोडिपिन आज जेनेरिक नावाने अत्यल्प दरात मिळते. अनेक रुग्णांना एकाऐवजी दोन औषधे लागतात. भारतातीलच जवळपास दोन हजार रुग्णांवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन-दोन औषधांच्या तीन जोड्यांची तुलना झाली. तिन्ही जोड्यांनी दाब सारखाच उतरविला. तेव्हा आपण देतो त्या स्वस्त गोळ्या तपासून, मोजून सिद्ध झालेल्या आहेत, असे आम्ही मंडळास निःशंकपणे सांगू शकलो.

आमच्या रांगेचा दोष

येथवर लिहून टिपण पुरे करता आले असते. परंतु हिशेबाची दुसरी बाजू लपविणे आमच्या शिक्षणास धरून नाही.

गेल्या पावसाळ्यात एक रिक्षाचालक गृहस्थ उजव्या बाजूच्या पक्षाघाताने आपल्याकडे दाखल झाले. वय पन्नाशीच्या आत. ते आपल्याच योजनेतील रुग्ण होते. केस पेपर पाहिला, तेव्हा चार महिने ते औषध नेण्यास आलेच नव्हते. त्यांच्या पत्नीस आम्ही कारण विचारले. त्या म्हणाल्या, "साहेब, त्यांना काही होतच नव्हतं. आणि दर पंधरा दिवसांनी तुमच्याकडे सकाळपासून रांगेत उभं राहायचं म्हणजे त्या दिवसाचा धंदा बुडायचा. म्हणाले, बरा आहे मी, कशाला खाडा करू?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकणे अधिक जड गेले. औषधांचा साठा नीट राहावा, गैरवापर होऊ नये, म्हणून पंधरा दिवसांचेच औषध देण्याचा नियम आम्हीच केला होता. कागदावर तो नियम निर्दोष होता. रोजंदारीवरील माणसासाठी मात्र विनामूल्य गोळीची किंमत महिन्याला दोन दिवसांची कमाई अशी होती. चार महिने हा रुग्ण आला नाही, हे कळविणारी कोणतीही व्यवस्था आमच्याकडे नव्हती.

शासनाने २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू केलेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात याच अडचणींचा विचार झालेला आहे. कोणती गोळी आधी, दाब न उतरल्यास पुढे कोणती, हे सुटसुटीतपणे लिहून ठेवणे. औषध महिनाभराचे देणे. आणि न आलेल्या रुग्णाची चौकशी करणे, ही त्याची सूत्रे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील सुमारे ३५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. इतक्या मोठ्या संख्येपुढे विद्वत्तेइतकीच अशा साध्या व्यवस्थेची गरज आहे, हे आम्हांस उशिरा उमगले.

आपल्या रुग्णालयातही आता दाब स्थिर असलेल्या रुग्णांना तीस दिवसांचे औषध दिले जाते. औषधाच्या खिडकीची वेळ सायंकाळीही ठेवली आहे. ठरल्या दिवसानंतर आठवड्यात रुग्ण न आल्यास आमच्या समाजसेवा विभागातील भगिनी घरी दूरध्वनी करतात. हे गृहस्थ आता काठीच्या आधाराने चालतात. रिक्षा त्यांचा भाऊ चालवितो.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी

घरातील रुग्णाची काळजी घेणाऱ्यांना आमच्या डॉक्टरांनी पुढील गोष्टी आवर्जून सांगितल्या आहेत.

दाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर असावा. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू, विडी घेऊ नये. दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत आणि ती वही तपासणीस येताना आणावी.

दाब चांगला भरला, म्हणजे गोळी काम करीत आहे. गोळी नको झाली असा त्याचा अर्थ नव्हे. काही गोळ्या एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. अॅम्लोडिपिनने काहींच्या पायांना सूज येते, रॅमिप्रिलसारख्या गोळीने कोरडा खोकला होतो, लघवीवाटे मीठ काढणाऱ्या गोळीने रक्तातील क्षार कमी होऊ शकतात. असा त्रास झाल्यास गोळी मनाने न सोडता डॉक्टरांना सांगावे. बदलून देण्याजोगे दुसरे औषध बहुधा असते. गर्भवती किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने आपण कोणती गोळी घेतो, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण काही गोळ्या गर्भास अपायकारक आहेत. अंगदुखीच्या गोळ्याही वारंवार घेतल्यास दाब वाढवू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दिवसभरात पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ पुरे. पापड, लोणचे, फरसाण, सुके मासे यांतील मीठही त्यात धरावे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चीनमधील ६०० गावांतील अभ्यासात साध्या मिठाऐवजी पोटॅशियमयुक्त मीठ वापरल्याने पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी असे मीठ डॉक्टरांना विचारल्यावाचून वापरू नये. चालणे, वजन आटोक्यात ठेवणे, तंबाखू व दारू सोडणे यांनी गोळीचे काम हलके होते. काहींची मात्रा डॉक्टर कमीही करतात.

पत्राचे उत्तर

पुढील बैठकीत विश्वस्त मंडळाने हे टिपण स्वीकारले. मासिक औषध योजना चालू ठेवण्याचा आणि तिच्या निधीतून यंत्रखरेदी न करण्याचा ठराव एकमताने झाला. त्यानंतर आम्ही त्या ज्येष्ठ देणगीदारांना उत्तर लिहिले. त्यांचे रुग्ण बरे होणार नाहीत, हे त्यात प्रथम मान्य केले. आपल्या देणगीतून दर महिन्याला औषध घेणाऱ्या शंभर वृद्धांपैकी पाच वर्षांत कदाचित तिघे पक्षाघातावाचून राहतील. ते तिघे कोण, हे आम्ही आपणांस कधीही कळवू शकणार नाही, असेही लिहिले. आठ दिवसांत त्यांचा धनादेश आला. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच होते की, नावे कळली नाहीत तरी चालेल, रांग मात्र पुन्हा लांबू देऊ नका.

ही सूचना आम्ही औषधालयाच्या कर्मचाऱ्यांना वाचून दाखविली आहे.  

— प्रशासन विभाग